लिंकच्या सूचना सरसकट उडवताना

मंडळी, आज सकाळी एक मूर्खपणा करता करता वाचलो.

दुसऱ्या ब्लॉगवाल्याने आपल्या लेखाची लिंक दिली की आपल्याला सूचना येते. माझ्या शेतीच्या ब्लॉगवर अशा साठेक सूचना तुंबल्या होत्या. बहुतेक वजन घटवायच्या गोळ्यांच्या जाहिराती. वैतागून म्हटलं, साऱ्याच उडवतो.

शेजारी बायको कापूस निवडत होती, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस वेगळा काढत. ती म्हणाली, "कवडी हाये म्हून सारी गंजीच फेकता काय जी?"

मग एकेक पाहत गेलो. त्यात आर्णीच्या एका ताईंच्या ब्लॉगची सूचना निघाली, आठ दिवसांपूर्वीची. त्यांनी लिहिलं होतं, "दिग्रसच्या भाऊंनी निंबोळी अर्काला शंभर लिटरऐवजी दहाच लिटर पाणी सांगितलंय. असं फवारू नका, पानं करपतील."

दिग्रसचा भाऊ म्हणजे मीच. माझा लेख उघडून पाहिला. चूक माझीच. दुरुस्त केली आणि ताईंची लिंक सगळ्यात वर लावली.

पण या आठ दिवसांत माझं वाचून कोणी फवारा मारला का? मारला असेल तर खाली गावाचं नाव लिहा. मी स्वतः येऊन पाहतो.