दोन्ही डोळे चांगले असलेला फोटो

दुकान बंद करून तासभर झाला, तरी लाज जात नाही, म्हणून इथं लिहितोय. भोरला माझा फोटो स्टुडिओ आहे. आज वेल्ह्याकडच्या एक मावशी गेलेल्या नवऱ्याचा अंधुक फोटो मोबाईलमध्ये घेऊन आल्या. फ्रेम करायची होती.

मी तो अंधुक भाग स्वतःच भरून काढणाऱ्या एआय ॲपमध्ये टाकून साफ केला. झूम करून मिशीचा केस न केस दाखवला. तरी त्या जुनाच मागत होत्या.

मी वैतागून म्हणालो, "मावशी, तुम्हाला क्वालिटीतलं कळत नाही."

त्या हळूच म्हणाल्या, "आवो, यांचा डावा डोळा बैलाच्या शिंगानं गेल्याला हुता. हितं दोनी डोळं चांगलं दिसत्यात."

मी डोळ्यांकडं पाहिलंच नव्हतं.

"तुमची मेहनत वाया गेली, दादा. माफ करा."

माफी त्यांनी मागितली, आणि मी "असू द्या" म्हणालो.