बायकोचा प्रचारप्रमुख

माझ्या बायकोचा पराभव मी अतिशय काळजीपूर्वक आखला होता. आखताना मी त्याला विजय म्हणत होतो, एवढाच काय तो फरक.

झालं असं, की आमच्या मस्कतच्या मराठी मंडळात दोन पॅनल आहेत. (मराठी माणसं पन्नास असली तरी पॅनल दोन लागतातच, त्याशिवाय गणपती बसत नाही!) यंदा आमच्याच पॅनलमधून अध्यक्षपदासाठी दोघं इच्छुक निघाले. एक माझी बायको मेधा आणि दुसरे मस्कतच्याच हमरिया भागातले युसुफभाई. युसुफभाई मूळचे रत्नागिरीचे, तीस वर्षं मसाल्याचं दुकान, आणि मस्कतमध्ये कुणाचंही काही अडलं की पहिला फोन त्यांना. ठरलं असं, की दोघांनी समोरासमोर बोलायचं आणि हजर असतील त्यांनी हात वर करून एकाला उमेदवार करायचं.

मेधाला खुर्चीची हौस नव्हती. तिला हवा होता दर शनिवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग. आमची इरा फोनवर माझ्या आईशी "आजी, मी बरी आहे, तू बरी आहे?" एवढंच बोलते आणि फोन मेधाच्या हातात कोंबते. मग आई विचारते, "पोरगी माझ्यावर रागावलीय का गं?" मेधा त्या दिवशी जेवत नाही. वर्गाचा अर्ज तिने तीनदा दिला. तिन्ही वेळा कार्यकारिणीने "पुढच्या वर्षी बघू" म्हणून समोसे मागवले. शेवटी ती म्हणाली, "आता अर्ज नाही. आता अध्यक्षच व्हायचं."

मी ताबडतोब स्वतःची प्रचारप्रमुख म्हणून नेमणूक केली.

"अहो, पण मी मागितलंय का?"

"मोठ्या उमेदवारांना मागावं लागत नाही!"

पहिला प्रश्न जागेचा. युसुफभाई म्हणाले, "आमच्या दुकानाच्या वरती हॉल हाय, तिथं घ्या." छे! शत्रूच्या किल्ल्यात? मी सुचवलं, आम्ही राहतो त्या अल् घुब्रा भागातला, आमच्या बिल्डिंगचा हॉल. ते म्हणाले, "चालंल की!" इतक्या चटकन? माझी खात्री पटली, यात डाव आहे! म्हणून मी माझीच जागा रद्द केली आणि इब्रा ठरवलं. मस्कतपासून दीड तास, तटस्थ भूमी. शुक्रवारी हमरियाचे दुकानदार एवढ्या लांब कशाला येतात? आमचे अल् घुब्राचे नोकरदार मात्र सुट्टीला मोकळेच. वर एक नियमही घुसवला, की प्रचारप्रमुखाला मत नाही. त्यांचा प्रचारप्रमुख कोणीतरी बिलंदर असणार, हा माझा अंदाज. युसुफभाई त्यालाही "चालंल" म्हणाले. त्यांना प्रचारप्रमुखच नव्हता, हे मला कोणी सांगितलं नाही.

"बाबा, यू आर ओव्हरथिंकिंग," इरा म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

ग्रुपवर मेसेज टाकला: शुक्रवार, दुपारी बारा, इब्र्याबाहेरचं एक फार्महाउस. आमच्या लोकांचे सव्वीस अंगठे आले. सव्वीस! मी मेधासाठी तेवीस कार्डांवर भाषण लिहिलं. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं लाल पेनने.

शुक्रवारी बाराला आम्ही पोहोचलो. गेटला कुलूप. वॉचमन नाही, फोन कोणी उचलेना, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानं बंद.

"बाबा, आज फ्रायडे आहे," इरा हळूच म्हणाली. "सगळे नमाजला गेले."

अठरा वर्षं! अठरा वर्षं ओमानात राहून मला शुक्रवारी भरदुपारी साधा पाव विकत घेता आलेला नाही, आणि मी नेमकी त्याच वेळेला सभा लावली होती! मी घाईघाईने आमच्या लोकांना फोन लावले. "अरे, अंगठा म्हणजे मेसेज वाचला!" "मुलाची ट्यूशन आहे रे." "आत्ताच उठलोय. यल्ला, तुम्ही सुरू करा!" आले फक्त साठे पती-पत्नी, तेही पोहायचे कपडे घेऊन. त्यांना वाटलं होतं सहल आहे.

मी गेटला बांधलेल्या प्रचाराच्या बॅनरच्या सावलीत मेधा उभी होती. ती म्हणाली, "अहो, हे सगळं तुम्ही माझ्यासाठी केलंत ना?"

"हो गं."

"मग पुढच्या वेळी युसुफभाईंसाठी करा."

दीडच्या सुमारास धुरळा उडाला. दोन मिनीबस आणि युसुफभाईंची पिकअप! तीसेक माणसं, लेकरं, बिर्याणीची पातेली, आणि युसुफभाईंच्या हातात गेटची चावी!

"दर बुधवारी माझी गाडी हितल्या बाजारात माल टाकते, भाऊ. या शेताचे अर्बाब, म्हंजे मालक, नमाजला माझ्या शेजारीच होते. म्हटलं, आमचा एक मानूस उन्हात उभा आसंल, चावी द्या."

"अहो, मग बारा ही वेळ चुकीची आहे, हे आधी सांगायचं ना!"

"मला वाटलं, तुमचं कायतरी डोकं आसंल त्यात," ते अगदी मनापासून म्हणाले.

आधी सगळ्यांना पाणी, मग जेवण. मेधा शुक्रवारी मटण खात नाही, म्हणून तिच्यासाठी त्यांच्या घरून वेगळी भाजी आली होती. या माणसाविरुद्ध मी डाव रचत होतो! मला घास गिळवेना. (तरी दोनदा वाढून घेतलं.)

मेधा बोलायला उठली. माझी तेवीस कार्डं तिने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली आणि एकच विचारलं, "तुमच्यापैकी कुणाची मुलं गावाकडच्या आजीशी फोनवर दोन मिनिटं तरी बोलतात?"

एकही हात वर गेला नाही.

"मला अध्यक्षपद नको. मला शनिवारचे दोन तास द्या," ती म्हणाली आणि खाली बसली.

युसुफभाई उठले. "माझी नात मला ग्रँडपा म्हनते. मी ओ देतो, काय करनार!" लोक हसले, पण ते स्वतः हसले नाहीत. "माझं भाषन वैनींनीच केलं. माझं मत वैनींना." त्यांनी हात वर केला. पाठोपाठ सगळी हमरिया! मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला, की मीही हात वर केला.

"भाऊ, खाली घ्या," युसुफभाई प्रेमाने म्हणाले. "नियम हाय."

दुसऱ्या पॅनलविरुद्धच्या मुख्य निवडणुकीसाठी मेधाने प्रचारप्रमुख बदलला. युसुफभाईंना नेमलं. त्यांची व्यूहरचना एका ओळीची होती: "भाऊंना महिनाभर माझ्या रत्नागिरीच्या घरी पाठवा." मी मुकाट्याने रजा टाकून गेलो, मासे खाल्ले, आणि मेधा दणदणीत मताधिक्याने निवडून आली.

शनिवारचा वर्ग आता हमरियात, दुकानावरच्या त्याच हॉलमध्ये भरतो. इरा आजीशी अर्धा-अर्धा तास बोलते. परवा दाराआडून ऐकलं, तर इब्र्याची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत रंगवून सांगत होती. तिकडे स्पीकरवर आई हसून हसून खोकत होती. आणि "मूर्खपणा" हा शब्द इराने सात वेळा वापरला, एकदाही अडखळली नाही!