अर्ध्या गच्चीचा ताप

सपाट गच्चीवर पाणी साचतं तसे आमच्याकडे किस्से साचतात. उतार नावालाच, त्यामुळे निचरा होतच नाही. अंधेरीतलं आमचं ऑफिस म्हणजे तीन माणसं: सावंत सर, साइट सांभाळणारा रूपेश आणि मी. काम एकच. ऑफिसांच्या गच्च्यांवर फोमचे बोर्ड अंथरायचे आणि वर पांढरा लेप द्यायचा, म्हणजे खालची माणसं भाजून निघत नाहीत.

माझी पहिली स्वतंत्र साइट मुलुंडची. मालक ठक्कर शेठ म्हणाले, आधी अर्धी गच्ची करा, फरक जाणवला तर बाकीची देतो. वरच्या मजल्यावर त्यांचंच ऑफिस. आमच्या अर्ध्या भागाखाली सेल्सवाले, उघड्या भागाखाली अकाउंट्सवाले. फरक नाही जाणवला तर काम गेलं आणि माझं प्रोबेशनही तिथेच आटोपलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मला न सांगितलेलंच जास्त ऐकू येतं.

*

सरांची उतार तपासायची पद्धत म्हणजे बाटलीतलं पाणी ओतायचं आणि उकिडवं बसून बघत राहायचं. मुलुंडला पाणी जागचं हलेना. आता काय, मी विचारलं. सर मालवणीवर आले.

"थांब गो. त्याका ठरवूंदे खंय जावचा ता."

आम्ही थांबलो. पाणी कुठेच गेलं नाही, तिथल्या तिथे वाळलं. सर खूश. "बघ, गच्ची तापते हे तर सिद्ध झालं!"

*

तापमान मोजायची गन माझ्या हातात होती. टाकीमागून कबुतर फडफडलं, मी किंचाळून वळले आणि गन थेट वॉचमनकाकांवर. काका शांतपणे पुढे आले, टोपी काढली आणि कपाळ पुढे केलं.

"ताप आहे का, मॅडम?"

"तुम्हाला नाही, काका. गच्चीला आहे."

दुसऱ्या दिवसापासून अख्खी बिल्डिंग मला लिफ्टमध्ये विचारायला लागली, गच्चीचा ताप उतरला का म्हणून.

*

फोमचे बोर्ड इतके हलके की चिकटवण्याआधी वारा आला तर वाट लागली समजा. तसा तो आलाच. रूपेश ओरडला, "बघतेस काय? बस त्याच्यावर!"

चार वर्षं सिव्हिल इंजिनीअरिंग करून मी भर दुपारी पेपरवेट झाले. तेवढ्यात आईचा फोन. मी खरं ते सांगितलं, बोर्ड उडू नये म्हणून त्यावर बसलेय. ती म्हणाली, "डबा खाल्लास ना? नाहीतर बोर्डासकट उडशील."

*

काम झालं आणि कॅन्टीनच्या मालतीताई तक्रार घेऊन आल्या. त्यांनी गच्चीभर मिरच्या वाळत घातल्या होत्या. जुन्या बाजूच्या कडकडीत, आमच्या पांढऱ्या बाजूच्या अजून ओलसर. मी सॉरी म्हणणार एवढ्यात सरांनी दोन्हीकडची एकेक मिरची उचलून खिशात टाकली.

"हाच आपला रिपोर्ट!"

नंतर त्याच हाताने त्यांनी डोळे चोळले, तो भाग वेगळा.

*

शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी शेठ फरक बघायला आले. वॉचमनकाकांचा किस्सा आठवून रूपेशने माझ्याकडून गन आधीच काढून घेतली.

आधी अकाउंट्सचं दार उघडलं. आत कुणीच नाही. पंखे बंद, खुर्च्यासुद्धा गायब. भट्टीसारखं गरम. शेठ म्हणाले, ठीक, आता तुमची बाजू दाखवा.

सेल्सचं दार जेमतेम अर्धंच उघडलं, कारण दारामागे अकाउंट्सचे देसाई बसले होते. त्यांच्यामागे त्यांचं अख्खं डिपार्टमेंट. एका टेबलाला तिघं, मांडीवर लॅपटॉप, खिडकीत डबे, फाइलींच्या कपाटावर कुणाची तरी चप्पल. एवढ्या माणसांचा एकत्र श्वास आणि घाम. शेठ आत शिरले आणि त्यांचा चष्माच धुरकटला. मी डोळे मिटले.

"अहो, हे तर त्या बाजूपेक्षा गरम आहे!" शेठ म्हणाले. "देसाई, चला, सगळे आपापल्या जागेवर."

देसाईंनी खुर्ची घट्ट धरली.

"गरम तर गरम, शेठ. पण तिकडे परत जाणार नाही."