मामाजींचा ट्रान्झिस्टर आणि माझं बोट

विजेतलं मला सगळं कळतं, असं दोनच माणसं मानत होती. एक माझे सासरे आणि दुसरा मी. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, इलेक्ट्रिकल खात्यात होतो ना!

बायको, सुशीला, मानत नव्हती. त्या कोरड्या हिवाळ्यात मी नव्या नायलॉनच्या शर्टावर लोकरी स्वेटर घालून मिरवायचो, आणि तिच्या हातून चहाचा पितळी पेला घेतला की तिला झटका बसायचा.

"तुमच्या अंगात करंट हाय," ती म्हणायची.

"माणसाच्या अंगात करंट नसते. कोणत्या शाळेत शिकली तू?" (मी मॅट्रिकला दोनदा बसलो होतो.)

अशात भंडाऱ्याहून मामाजी, म्हणजे सासरे, ट्रान्झिस्टर घेऊन आले. साऱ्या नात्यातला पहिला. नातवाला मांडीवर घेतलं नसेल इतका वेळ ते त्याला घेऊन बसत.

"इथं आवाज बारीक येऊन राहिला, जवाईबापू. पाहता का?"

"बाबा, त्याईले नका देऊ," सुशीला म्हणाली.

झालं. आता मला कोण थांबवणार? मी मागचं झाकण उघडलं. गरम होत होतं म्हणून स्वेटर डोक्यावरून ओढून काढला (तडतड झाली, केस उभे राहिले; मी दुर्लक्ष केलं) आणि आतल्या एका बारीक तारेकडे बोट नेलं.

"हे पाहा मामाजी, हा याचा जीव."

चट. निळी ठिणगी उडाली आणि गाणं थांबलं.

"गेला वाटते," मामाजी म्हणाले.

"सेल उतरले," मी म्हणालो. सुपेल्याच्या बाजारातून नवे सेल आणले. तरी मुकाच. तेव्हा मी म्हणालो, "मामाजी, तुमीच येतानी आदळला असन."

"असन बापा," ते हळूच म्हणाले. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन कारखान्यातल्या ओळखीच्या रशियन इंजिनिअरकडे गेलो. त्यानं आतला एक इवलासा भाग बदलला. रेडिओ बोलू लागला. मग त्याच्या दुभाष्यानं विचारलं, "साहब पूछ रहे हैं, अंदर हाथ किसने लगाया?"

मी मामाजींकडे पाहिलं. रशियनानं माझ्या शर्टाकडे पाहिलं. मला स्वेटर काढायला लावून त्यानं लोखंडी कपाटाकडे बोट न्यायला सांगितलं.

चट. सगळ्यांनी ऐकलं.

"नायलॉन पर स्वेटर रगड़ता है, सूखी ठंड में बदन पर बिजली जमती है," दुभाष्या म्हणाला. "साहब बोल रहे हैं, रेडियो ठीक है. दामाद की अर्थिंग करा लो."

ट्रान्झिस्टर उचलून मामाजींनी दुसऱ्या काखेत घेतला, माझ्यापासून लांबच्या.

महिन्याभरात खात्यानं मला 'विजेपासून सावधगिरी' या विषयावर बोलायला उभं केलं. भाषण झकास झालं, टाळ्याही पडल्या. हात मिळवायला मात्र कोणी पुढे आलं नाही.