मामाजींचा खडक

आमच्या घराच्या पायाखाली बायकोचा पाटा पुरलेला आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच उभं राहिलं होतं आणि धामणगाव बढ्यात मी घर उभं करत होतो. (राज्य आधी झालं!) बायकोला, मार्थाला, दिवस गेलेले. पावसाळ्याआधी भाड्याची गळकी खोली सोडायलाच हवी होती. पण घराच्या पायावरच अडून बसले माझे सासरे! मामाजींना पवित्र शास्त्रातलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं खरं. शहाणा माणूस खडकावर घर बांधतो, असं प्रभूने सांगितलंय ना? मग खडक लागेपर्यंत खणा!

"मामाजी, तो दाखला आहे, दृष्टांत. खडक म्हणजे विश्वास!"

"अन् पाया म्हंजे काय, भजन?"

"या काळ्या मातीत खडक लागणार कधी?"

"लागन तवा लागन! शास्त्र काऊन बदलून राह्यले तुमी, जवाईबापू? मास्तर झाले म्हून?"

गडी कमरेपर्यंत खाली गेले, मग खांद्यापर्यंत, मग नुसत्या टोप्या दिसू लागल्या. येणारे-जाणारे वाकून विचारत, "मास्तर, इहिरीले पानी लागलं का?"

मी मुळात कमी बोलणारा. वादात हरलो की बोलत नाही, करतो! एका दुपारी गडी भाकरी खायला गेले आणि मामाजी खड्ड्याच्या काठावर डोळे मिटून बसले. "प्रभू, खडक दे!" अशी त्यांची प्रार्थना चालू. (ती लवकर संपत नसे.) मी घरून पाटा उचलला, मागच्या बाजूने खाली उतरलो, तळाशी ठेवून वर माती लोटली आणि पहार हाणली. खण्ण!

मामाजींनी डोळे उघडले. "लागला बाप्पा! जवाईबापू, लागला!" आणि म्हातारा खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून रडला. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "भरा पाया!"

इकडे मार्था हातात वरवंटा घेऊन गल्लीभर पाटा शोधत होती. शेवटी संशय शेजारच्या कासाबाईंवर गेला. (त्यांच्या एका बाजूला आमची खोली, दुसऱ्या बाजूला नवं घर.) दोघींचा अबोला झाला, तो बाळाच्या बारशालाही सुटला नाही.

पावसाळ्यात काळी माती फुगली, उन्हाळ्यात आक्रसली आणि भिंत अशी फाटली, की पाळण्यातून कासाबाईंची बकरी दिसायची! मी सगळ्यांना सांगितलं, विटा कच्च्या होत्या. मामाजींनी मात्र भेगेत हात घालून पाहिला.

"खडकावर बांधलं, तरी फाटलं. जवाईबापू, तुमचंच खरं. दगडाचा काय भरवसा! खडक म्हंजे विश्वास."

जन्मभराच्या वादात मी जिंकलो, तो असा! तेव्हापासून मामाजींना शास्त्रातलं सगळंच दाखला वाटू लागलं. भिंत लिंपायला बोलावलं, तर म्हणाले, "भेग बी मनातलीच असते."

खडक म्हणजे विश्वास, हे मी आजही छातीठोकपणे म्हणतो. चर्चच्या पाळकसाहेबांपुढे म्हणतो, कोणीही वाद घालायला यावं! फक्त मामाजींचा विश्वास खरा होता आणि मी दिलेला खडक खोटा.

मामाजी आता ऐंशीला टेकलेत. त्यांना खरं काय ते सांगणं, कासाबाईंची माफी मागणं आणि मार्थाला एक पाटा, एवढं मी अजून देणं लागतो. पाटा आधी आणणार आहे. वरवंटा तिने जपून ठेवलाय!