माझा सूर्यास्त आणि आगरदांड्याची कोंडी

समस्त प्रवासी व वाहनचालकांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आगरदांड्याच्या जेटीवर त्या रविवारी जी कोंडी झाली, तिला ना भरती जबाबदार होती, ना फेरीबोट. मी होतो.

मी कर्णबधिर मुलांना ग्राफिक डिझाइन शिकवतो. म्हणजे चित्र, रंग आणि अक्षरं वापरून थोडक्यात सांगायला. 'थोडक्यात' हा शब्द समजावून सांगायला मला पाऊण तास लागतो. खुणांची भाषा शिकलोय, पण हातांबरोबर तोंडही चालूच राहतं. म्हणून मुलांनी मला खुणेतलं नाव दिलंय: पाण्याबाहेर काढलेल्या माशाच्या तोंडासारखी बोटांची उघडझाप. आणि माझं फारच लांबलं की ती सरळ डोळे मिटून घेतात. आमच्या वर्गात शिक्षकाला गप्प करायची हीच रीत.

त्यातली सगळ्यात हुशार मुलगी जेटीसाठी बोर्ड करत होती. पायी येणारे लोक गाड्यांच्या मधून घुसत. त्यांना डावीकडे आणि गाड्यांना उजवीकडे वळवायचं होतं. तिचे वडील बर्फाचा टेम्पो फेरीनं पलीकडे दिघीला नेतात. त्यांनी मला बजावलं होतं, "सर, फेरीवाल्यांनी बोर्ड घेतला तर शिकंल पुढं. न्हायतर मामाच्या दुकानात बसंल."

तिनं पिवळ्यावर एक चप्पल, एक चाक आणि दोन बाण काढले. बस. मला ती रिकामी जागा बघवेना. 'नमुना' म्हणून मीही एक बोर्ड केला: सूर्यास्त, उडते बगळे, तीन तऱ्हेची अक्षरं, स्वागताच्या सहा ओळी. सूचना सातवीत. तो बघून तिनं शांतपणे डोळे मिटले.

फेरीचा मॅनेजर भिडस्त. दोन्ही बोर्ड बघून म्हणाला, "शनिवारी तिचा लावू, रविवारी सरांचा. चालंल तो ठेवू." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पोरीच्या शिक्षणासमोर मी माझा सूर्यास्त उभा केलाय. पण बगळे काही मागे घेववेनात.

शनिवारी चपलेकडे माणसं वळली, चाकाकडे गाड्या. कोणी बोर्डाचं कौतुकसुद्धा केलं नाही.

रविवारी पहिली गाडी वाचायला थांबली. दुसरी फोटो काढायला. पायी लोक "काय झालं, काय झालं" करत मध्ये शिरले आणि रांग पार रस्त्यावर गेली. मागून तिचे वडील टेम्पोतून उतरून तणतणत आले. माझ्याजवळ उभ्या मुलीचा चेहरा उतरला. काल ते आलेच नव्हते. हा बोर्ड तिचाच समजले तर?

मॅनेजरनं घाईघाईनं कालचा बोर्ड उचलून दाखवला. "दादा, तुमच्या पोरीचा हा! तो दुसऱ्याचा."

दुसरा कोण, ते त्यानं भिडेपोटी सांगितलं नाही. वडिलांनी चपलेकडे एकदा पाहिलं. मग माझ्या सातही ओळी बोट फिरवत वाचल्या आणि माझ्या खांद्याला खांदा लावून ओरडले, "ज्यानं हा केलाय, त्याला आधी माझ्या पोरीच्या वर्गात बसवा!"