देवयानीतली बारीक रेघ

मी पाटणकरकाकांशी खोटं बोलले होते.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

काका म्हणजे चंदीगडच्या सरकारी क्वार्टर्समधले आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी, बाबांच्याच ऑफिसात. ऐंशी-एक्क्याऐंशीचा हिवाळा असेल. मी अकरा वर्षांची.

गच्चीवर त्यांचा टेलिस्कोप होता. आरसा स्वतः घासून बनवलेला. त्यातून ते देवयानी तारकासमूहातली एक दीर्घिका शोधत. तिची फक्त कड आपल्याकडे, म्हणून ती ताटलीसारखी न दिसता नुसती रेघ दिसते. तीही इतकी फिकी, की आहे की भास, कळू नये.

जेवणं झाली की शेजारच्या पंजाबी आजी अंगणातून विचारायच्या, "पाटणकर जी, मिली आपकी लकीर?"

"मिल जाएगी, बीजी. जाएगी कहाँ."

काकांचा नियम होता. दोघांनी एकाच स्टुलावरून आळीपाळीने बघायचं, न बोलता आपापल्या कागदावर काढायचं, मग कागद शेजारी ठेवायचे. जुळले, तरच लॉगबुकमध्ये 'दिसली'.

"एकट्याला दिसलेलं मी धरत नाही," म्हणायचे.

त्या आठवड्यात त्यांना ती दोनदा दिसली होती. एकट्याला.

त्या रात्री जोडीला आलेले बाबा थंडीला कंटाळून खाली गेले. उरले मी.

"थेट बघू नकोस, मीनल. किंचित बाजूला बघ. मग येते ती."

मी बाजूला बघितलं. चार-दोन तारे. बाकी काळोख.

काका शेजारी वाट बघत उभे होते.

दुपारी त्यांच्या पुस्तकातला फोटो मी बघून ठेवला होता. त्यातली रेघ उभी होती. मी तशीच काढली.

"दिसली?"

"हो."

डोळे दिपू नयेत म्हणून लाल जिलेटिन कागद लावलेल्या टॉर्चखाली त्यांनी दोन्ही कागद धरले.

त्यांची रेघ आडवी होती.

"चल, गारठलीस. काकू दूध देईल."

टेलिस्कोपमधलं चित्र फोटोपेक्षा फिरलेलं असू शकतं, हे मला कॉलेजात कळलं. म्हणजे माझं खोटं त्यांना तेव्हाच कळलं असणार. की स्वतःच्याच डोळ्यांवर संशय आला? आणि लॉगबुकमध्ये काय लिहिलं? त्या काटेकोर वहीत माझ्यामुळे एक खोटी नोंद आहे का?

पुढे इतकी वर्षं फोनवर बोललो. दर वेळी विचारायचं ठरवायचे. विचारलं नाही. भीती होती, की लाज, अजून नक्की सांगता येत नाही.

काल त्यांच्या चंदीगडलाच वाढलेल्या मुलाने, नंदनने, कपाट आवरताना एका पानाचा फोटो पाठवला.

"दीदी, ये आपका ही नाम है ना?"

काकांचं बारीक अक्षर.

"मी: आडवी रेघ. एकट्याला. धरू नये.
मीनल: अजून नाही."

नंदन म्हणाला, पुढे वही संपेपर्यंत त्या रेघेपुढे 'दिसली' कुठेच नाही.

काका, या हिवाळ्यात गावाबाहेर जाऊन बघणार आहे. दिसली तर जशी दिसेल तशी काढेन.

नाही दिसली, तर तसं लिहीन.

नमस्कार करते.